सातही क्लिपा कृष्णधवल

ताई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या त्या आपल्या मुलाचा फोन पर्समध्ये घालूनच. मुलगा आंघोळीला गेला तेव्हा उचलून आणला होता. टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मॅडम, हा सिनेमा त्या लोकांच्या विरोधातला आहे ना? मी मुद्दाम शेवटपर्यंत बघितला. रडले मी. मग ह्याला उलटंच कसं कळलं?"

सिनेमा होता 1998 सालचा 'अमेरिकन हिस्टरी एक्स'. डेरेक नावाचा एक हुशार, तगडा तरुण नवनाझी टोळीचा पुढारी होतो, खून करतो, तुरुंगात जातो आणि बदलून बाहेर येतो, अशी गोष्ट. एडवर्ड नॉर्टनला त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन होतं. ताईंच्या एकोणीस वर्षांच्या मुलाने त्याच डेरेकचा अटकेच्या वेळचा फोटो व्हॉट्सअॅपला डीपी म्हणून लावला होता. उघडं अंग, छातीवर नाझींचं चिन्ह, चेहऱ्यावर गुर्मी. खाली ओळ होती, 'भायल्यांनो, परत जा'. भायले म्हणजे गोव्यात बाहेरून आलेले.

हा प्रश्न मला आता वरचेवर येतो. सिनेमा वेगळा असतो, मुलगा वेगळा असतो, काळजी तीच. द्वेषाची किळस यावी म्हणून केलेली कलाकृती बघून मुलाला द्वेष करणाराच आवडला, तर आईबापांनी करायचं काय? म्हणून या घराची गोष्ट लिहिते आहे, तिघांच्या परवानगीने. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिलं काम म्हणजे फोन परत करायला लावला. चोरून आणलेल्या फोनवरून मुलाशी खरं बोलणं सुरू होत नाही. "तुमचा फोन आईने मला दाखवला, तिला तुमची काळजी वाटते, यायचं असेल तर या," एवढाच निरोप दिला. पंधरा दिवसांनी तो आला.

आणि मी चूक केली. त्याला सिनेमाचा अर्थ समजावून सांगायला बसले. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे, शेवटी डेरेक कसा पस्तावतो, सगळं सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, "मला माहीत आहे शेवट. शेवटी तो बुळा होतो. आणि त्याच्या धाकट्या भावाला गोळी कोण घालतो? काळा मुलगाच ना? म्हणजे डेरेक आधी बोलायचा तेच बरोबर होतं."

मग मी दुसरा वाद काढला. म्हटलं, त्या टोळीने तुझा रंग बघून तुला कुठल्या बाजूला उभं केलं असतं? तो म्हणाला, "मी कुठे अमेरिकेत आहे? आणि त्याच्या छातीवर आपलंच स्वस्तिक आहे." आईने दारात तुळशीपुढे काढलेलं स्वस्तिक आणि लाखो माणसांच्या हत्येवर मिरवलेलं ते तिरपं चिन्ह त्याच्या डोक्यात एक झालं होतं. जिममधल्या कुणीतरी तसं सांगितलं होतं. त्यावरही मी बोलले असते, पण तोवर माझ्या ध्यानात आलं होतं की मी जितकी बोलते आहे तितका तो वकील होतो आहे.

अर्थ त्याला समजला होता, मान्य नव्हता. पालकांनी हा फरक आधी ओळखावा. "तुला सिनेमा कळलाच नाही" असं म्हटलं की मुलगा आपल्याला मूर्ख समजतो, कारण त्याने तो आपल्यापेक्षा जास्त वेळा पाहिलेला असतो. 1971 साली अमेरिकेत 'ऑल इन द फॅमिली' नावाची मालिका सुरू झाली. तिच्यातला आर्ची बंकर हा पूर्वग्रहांनी भरलेला बाप लोकांनी हसावं म्हणूनच रचलेला होता. 1974 मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह जास्त होते त्यांना आर्चीच आवडत होता, आणि वादात तोच जिंकतो असं वाटत होतं. हसणारे दोन्हीकडचे होते, हसत मात्र वेगवेगळ्या गोष्टींना होते.

आपल्यालाही हे नवं नाही. गोव्यात देवळांच्या उत्सवात जुनी संगीत नाटकं अजून होतात. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आलं. दारूने सुधाकर आणि सिंधूचा संसार कसा धुळीला मिळतो हे काळीज पिळवटून सांगणारं नाटक. पण आज मराठी माणूस दारुड्याला लाडाने काय म्हणतो? तळीराम. सुधाकरला व्यसनात ओढणाऱ्याचंच नाव आपण मजेने घेतो. रंगमंचावर रंगतदार माणूस उभा केला की प्रेक्षक त्याला घरी घेऊन जातात.

पुढच्या भेटीत मी वाद सोडला. विचारलं, "तुला आवडलेले तुकडे दाखवतोस?" त्याने सात क्लिपा साठवल्या होत्या. बास्केटबॉलचा सामना, जेवणाच्या टेबलावरचा डेरेकचा तावातावाचा वाद, दुकानावर हल्ला करण्याआधीचं स्थलांतरितांवरचं भाषण, अटक. सातही कृष्णधवल. या सिनेमात भूतकाळ कृष्णधवल आहे आणि वर्तमान रंगीत. तुरुंगही कृष्णधवलच आहे, पण तुरुंगातली एकही क्लिप नव्हती. तिथे डेरेकच्याच पंथाचे लोक दुसऱ्या टोळीशी अमली पदार्थांचा धंदा करताना दिसतात, तो त्यांच्यापासून दूर होतो तेव्हा तेच त्याच्यावर अत्याचार करतात, आणि चादरींच्या घड्या घालताना एक काळा कैदी त्याला हसवतो.

मी एवढंच म्हटलं, "तू जिथे थांबवलंस तिथे डेरेकच्या बाजूला खूप माणसं आहेत."

तो बराच वेळ गप्प होता. मग नोकरीचं निघालं. आयटीआय केल्यावर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत तो कंत्राटावर लागला होता. सहा महिन्यांनी कंत्राट संपलं, पुन्हा घेतलं नाही. त्याच्या जागी परराज्यातला मुलगा कमी पगारावर आला. घरी कुणी विचारलं नाही की तुला कसं वाटतं. जिममधल्या टोळक्याने विचारलं. संध्याकाळी बसायला जागा दिली, नाव दिलं, आणि दोष कुणाचा हेही तयार करून दिलं. नोकरी गेल्याचा त्याचा राग खरा आहे, आणि तो खरा आहे हे मी त्याला सांगितलं. पगार कमी कुणी ठरवला, हे मात्र त्या टोळक्यात कधीच कुणी विचारलं नव्हतं.

इथे पालकांसाठी एक गोष्ट मध्येच सांगते. मी त्याला सरळ विचारलं होतं की कुणाला मारायचं ठरलं आहे का, हत्यार जमवलं आहे का. उत्तर होकारार्थी असेल तर सिनेमावर चर्चा करत बसू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची आणि गरज पडली तर पोलिसांची मदत घ्यावी. इथे तसं नव्हतं. क्लिपा होत्या, शिव्या होत्या, आणि एक व्हिडिओ होता, त्याचं पुढे येईलच.

मग मी घराला एक काम दिलं. तिघांनी मिळून सिनेमा दोन रात्रींत पुरा पाहायचा. कुणी काही समजवायचं नाही, मध्येच पुढे ढकलायचं नाही.

त्यात शेवटाकडे एक लहानसा प्रसंग आहे. डेरेकचे वडील, आगीच्या बंबावर काम करणारे, जेवता जेवता त्याच्या काळ्या शिक्षकाने लावलेल्या पुस्तकांबद्दल कुरकुरतात. आवाज चढत नाही, शिवी येते ती सहज, तोंडी लावायला घ्यावी तशी. डेरेक ऐकतो. नवनाझी टोळी भेटायच्या कितीतरी आधी.

या प्रसंगाला मुलाचे पप्पा उठून अंगणात गेले. ते बांधकामाला सेंट्रिंगचं सामान भाड्याने देतात, दिवसभर कामगारांशी गाठ, आणि रात्री जेवताना त्यांच्याबद्दल काय बोलतात ते घरातल्या सगळ्यांना पाठ. "मॅडम, सगळेच बोलतात तसं मी बोलतो," ते मला नंतर म्हणाले. मी म्हटलं, "हो, सगळेच बोलतात." त्यांना याहून जास्त काही ऐकवायची गरज नव्हती.

ते अंगणात असताना ताई मुलाला म्हणाल्या, "मी लग्न होऊन चंदगडहून इथे आले, तेव्हा तुझी आजी वर्षभर मला घाटीण म्हणायची. माझ्या हातची भाकरी बाजूला सारायची. तुझ्या फोनवर आहे ना 'भायले', त्यातली मी." एकवीस वर्षांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलगा तेव्हा काहीच बोलला नाही. डीपीही आणखी तीन आठवडे तसाच होता. ताई रोज मला विचारायच्या, मी रोज म्हणायचे, थांबा. डीपी काढायला लावणं सोपं होतं. त्याने तो काढून जिममध्ये दुसरं काहीतरी लावलं असतं.

गेल्या भेटीत तो स्वतःहून म्हणाला, "शेवटी तो आरशासमोर उभा राहतो आणि छातीवरच्या गोंदणावर हात ठेवतो. तो भाग मी दोनदा बघितला." मग त्याने त्या व्हिडिओचं सांगितलं. फोंड्याच्या बसस्टँडवर एका शेंगदाणेवाल्याची गाडी यांच्या टोळक्याने ढकलली होती, शेंगदाणे रस्त्यावर सांडले होते, आणि चित्रीकरण याने केलं होतं. व्हिडिओ किती जणांकडे गेला ते त्याला माहीत नाही.

"तो माणूस अजून तिथेच बसतो," तो म्हणाला. "मी बस पुढच्या थांब्यावरून पकडतो."

मी विचारलं, कधीपासून. म्हणाला, "सिनेमा घरी बघितला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून." आता आम्ही त्यावर बोलतो आहोत, की स्टँडवर जायचं तर एकट्याने की पप्पांना घेऊन.