बँडने आता गाण्याचा व्हिडिओ काढावा का?

प्रश्न असा : सोलापुरात आमचा चौघांचा बँड आहे, पहिलं गाणं रेकॉर्ड झालंय. व्हिडिओवर पैसे घालावेत, की हल्ली सगळे रील्सच बघतात म्हणून सोडून द्यावं?

काढाच. फक्त कथानकवाला नको, वाजवतानाचा काढा. १९८१ साली एमटीव्ही सुरू झालं तेव्हा व्हिडिओ चॅनेलवर लागला की आपोआप लोकांसमोर यायचा. २००५ नंतर यूट्यूबवर कुणीही टाकू शकतो, म्हणून आपोआप कुणासमोर येत नाही. अनोळखी माणसाला तुम्ही रीलमधून सापडाल, पण पूर्ण व्हिडिओ मुद्दाम उघडणारा बहुतेक कार्यक्रमाची सुपारी द्यायच्या विचारात असतो : मंडळाचा कार्यकर्ता, गॅदरिंगचे सर. ही पोरं खरंच वाजवतात का, गायकाचा आवाज स्टेजवर टिकेल का, एवढंच त्याला बघायचं असतं. तलावाकाठी चालणाऱ्या हिरो-हिरोइनीतून ते कळत नाही. म्हणून मुख्य व्हिडिओ प्लेबॅकवर (रेकॉर्ड केलेलं गाणं स्पीकरवर लावून, त्यावर ओठ आणि हात हलवत) करा, पण त्याच दिवशी, त्याच जागी एक कडवं थेट वाजवून घ्या. त्याचा आवाज फोनच्या माइकवर नको, मिक्सरमधून वेगळा रेकॉर्ड करा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओठ आणि आवाज जुळवताना. प्लेबॅकसाठी फायनल मिक्सच (सगळी वाद्यं आणि आवाज जुळवून तयार झालेलं शेवटचं गाणं) वापरा आणि त्याच्या आधी चार ठोक्यांचा काउंट जोडा. कॅमेऱ्याचा माइक बंद करू नका, नंतर त्याच आवाजावरून टेक जुळवायचे असतात. स्पीकर वाजवणाऱ्यांच्या जवळ हवा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, त्यामुळे ड्रमर १४ मीटर लांब असेल तर तो जवळजवळ एक फ्रेम (व्हिडिओतल्या सेकंदाला २५ चित्रांपैकी एक) मागे पडतो. फोनवर शूट करत असाल तर फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, स्थिर राहील असं ॲप घ्या. नाहीतर सुरुवातीला जुळलेलं गाणं तिसऱ्या मिनिटाला सरकलेलं दिसतं. स्लो मोशन हवं असेल तर सेकंदाला ५० फ्रेमवर शूट करा आणि प्लेबॅक दुप्पट वेगाने लावा. २५ वर आणल्यावर ओठ बरोबर बसतात.

जागा म्हणून भुईकोट किल्ला सगळ्यांनाच सुचतो. तो केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे, लेखी परवानगीशिवाय ट्रायपॉड नेऊ नका. माझ्या मते शहराच्या पूर्वभागातला यंत्रमागाचा कारखाना कितीतरी सरस. असं दृश्य सोलापूरबाहेरच्या बँडला सहज मिळणार नाही. पण माग चालू असताना प्लेबॅक अजिबात ऐकू येत नाही. त्यामुळे चालत्या मागांचे शॉट आधी वेगळे घ्या आणि वाजवण्याचं शूट सुट्टीच्या दिवशी, मालकाला विचारून करा. तिथल्या जुन्या ट्यूबलाइट आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, नाहीतर चित्रावर पट्टे सरकतात. मागून लाइट टाकला की हवेतला कापसाचा तूस सुंदर दिसतो; लेन्स मात्र दर तासाला पुसा. एप्रिल-मेमध्ये बाहेरचं शूट सकाळी साडेनऊच्या आत संपवा, उन्हात फोन तापून बंद पडतात.

4के मध्ये (३८४० बाय २१६० पिक्सेल) आडवं शूट करून गायकाला मधोमध ठेवलंत, तर त्यातूनच १२१५ बाय २१६० ची उभी चौकट कापता येते. रीलसाठी तेवढी पुरते, पुन्हा शूट लागत नाही. उभे तुकडे इंट्रोने नाही, थेट ध्रुवपदाने सुरू करा आणि यूट्यूब शॉर्ट्समध्ये 'रिलेटेड व्हिडिओ' म्हणून पूर्ण गाणं जोडा.

खर्चाचं म्हणाल तर मिक्सिंग कच्चं असेल तर आधी पैसे तिथे घाला. ड्रोन मला तरी अनावश्यक वाटतो. शहरातच विमानतळ असल्यामुळे उडवण्यावर निर्बंधही आहेत.

एक राहिलं. गाणं वितरकामार्फत (गाणी ॲप्सवर पोहोचवणारी कंपनी) टाकताना कंटेंट आयडी, म्हणजे यूट्यूबवर तुमचं गाणं कुणी वापरलं ते ओळखणारी यंत्रणा, चालू केलंत, तर तुमच्याच व्हिडिओवर दावा येतो. व्हिडिओ टाकण्याआधीच वितरकाला सांगून स्वतःचं चॅनेल त्यातून वगळून घ्या.