कायनेसिनला पुढे जायला जोर नक्की कुठून मिळतो?

तुम्ही विचारलंय की एटीपी (पेशीचं इंधन असलेला रेणू) तुटल्यावर जो दणका बसतो त्यानेच कायनेसिन, म्हणजे पेशीत माल वाहून नेणारं प्रथिन, मायक्रोट्यूब्यूलवर (पेशीतल्या नळीसारख्या रुळावर) पुढे ढकललं जातं का. मी इकडे फोंड्याला बीएस्सीच्या मुलांना शिकवते, वर्गात हा प्रश्न दरवर्षी येतो, कारण नोट्समध्ये 'एटीपी म्हणजे ऊर्जा' एवढंच लिहून पुढे जातात. तर नाही, दणक्याने नाही. एवढ्या लहान वस्तूला पाण्यात गती टिकवताच येत नाही, धक्का दिला की लगेच थांबणार, आणि वर पाण्याचे रेणू चारी बाजूंनी सतत आदळत असतात.

कायनेसिनला दोन डोकी असतात. पुढचं डोकं मायक्रोट्यूब्यूलला चिकटलेलं असताना त्यात एटीपी येऊन नुसता बसला (तुटायच्या आधीच हां!) की त्याचा नेक लिंकर, म्हणजे मानेचा छोटासा पट्टा, पुढच्या दिशेला डोक्याला चिकटतो, मग मागचं सुटलेलं डोकं पुढच्या बाजूला येतं आणि तिथे पाण्याच्या धक्क्यांनी भिरभिरत पुढची जागा शोधतं. जागा सापडली की एडीपी (एटीपी तुटल्यावर उरलेला भाग) सोडून घट्ट बसतं. आपल्याकडे रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढताना लाट आत आली की दोर सैल पडतो तेवढा पटकन ओढून घेतात आणि लाट मागे गेली तरी सोडत नाहीत, तसंच हे, धक्के फुकटचे पण ते मागे जाऊ न देण्याची किंमत एटीपी मोजतो. एटीपी तुटून फॉस्फेट बाहेर पडल्यावर मागच्या डोक्याची पकड सुटते, म्हणजे तुटण्याचं मुख्य काम पाय उचलायचं आहे.

आता मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग. दोन्ही डोकी एकदम सुटली तर सगळं वाहून जाईल, मग ती आळीपाळीने कशी सुटतात? तर दोन्ही चिकटलेली असताना पुढच्याचा नेक लिंकर मागे ताणलेला असतो आणि त्या ताणामुळे मागचं सुटेपर्यंत पुढच्याला एटीपी नीट वापरताच येत नाही. वेगळा मेंदू नको, सिग्नल नको, नुसता ताण.

आकडे बघा. एक पाऊल 8 नॅनोमीटर, ट्यूब्युलिनच्या (मायक्रोट्यूब्यूल ज्याचं बनतं त्या प्रथिनाच्या) एका जोडीएवढं, हे 1993 मध्ये कायनेसिन लावलेला मणी लेझरच्या चिमट्यात धरून मोजलं. साधारण 6 पिकोन्यूटन उलटा जोर लावला की कायनेसिन थांबतं. म्हणजे एका पावलाचं काम जास्तीत जास्त 6 गुणिले 8, 48 पिकोन्यूटन-नॅनोमीटर, आणि पेशीत एका एटीपीतून मिळतात 80 ते 100 पिकोन्यूटन-नॅनोमीटर, म्हणजे जवळपास निम्मी ऊर्जा कामी येते!

डायनिन हे मायक्रोट्यूब्यूलवरच चालणारं दुसरं प्रथिन उलट दिशेला जातं आणि त्याची रचना पूर्ण वेगळी, एटीपी बसतो त्या रिंगपासून मायक्रोट्यूब्यूलला धरणारं टोक एका लांब दांड्यावर असतं. एकटं डायनिन बऱ्याच प्रयोगांत कमी जोर लावतं, पण टीमने ओढलं की जड माल हलतो, त्यावर मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत रूप मलिक यांनी फार छान काम केलंय, नाव टाकून शोधा आणि नक्की वाचा.