फटाके बंद होतील तेव्हा होतील, तोवर आबांचं काय?

गणपती उठले की माझ्याकडे एक तक्रार ठरल्यासारखी यायला लागते. "दिवाळी जवळ आली की पोटात गोळा येतो. घरात म्हातारं माणूस आहे, कुत्रा आहे आणि सोसायटीत कुणी ऐकत नाही." कधी म्हाताऱ्या माणसाच्या जागी स्वमग्न मूल असतं, कधी दम्याचा पेशंट. त्यातल्याच एका ताईंची ही गोष्ट, ओळखीच्या खुणा बदलून.

ताई इंदिरानगरच्या. सासऱ्यांना, म्हणजे आबांना, स्मृतिभ्रंश. सुतळी बॉम्ब वाजला की आबांना वाटतं काहीतरी कोसळलं. "चला, बाहेर पडा" म्हणत ते दाराची कडी काढायला लागतात. मोती बाथरूममध्ये बादलीमागे शिरून थरथरत बसतो. आदल्या दिवाळीत ताई खाली जाऊन पोरांशी, मग त्यांच्या आईबापांशी भांडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी लक्ष्मी बॉम्ब नेमके त्यांच्याच खिडकीखाली!

सुरुवातीच्या भेटी सगळ्या लोकांवरच गेल्या. "लोकांनी असं वागताच कामा नये." राग रास्त होता. पण मी समुपदेशक, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत, म्हणजे भावनेमागचा विचार तपासून पाहणाऱ्या पद्धतीत, तयार झालेली. रास्त राग उपयोगी असतोच असं मी धरत नाही.

"नेमकं काय हवंय तुम्हाला?"

"फटाके बंद."

"कुणाचे?"

"सगळ्यांचेच."

"होतील तेव्हा होतील. तोवर आबांचं काय?"

त्या गप्प. मी विचारलं, "गेल्या लक्ष्मीपूजनाला आबा कडी काढत होते तेव्हा त्यांच्याजवळ कोण होतं?"

पर्सची चेन उघडझाक करत त्या बराच वेळ बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "हे दुकानात होते. आणि मी... मी खाली भांडत होते."

मी त्यावर एक शब्द बोलले नाही. अशा वेळी समजूत घालायचा मोह होतो; तो आवरायला मला बरीच वर्षं लागली, आणि आता तो आवरता येतो याचं थोडं समाधानही आहे. घरच्यांसाठी लढतोय या भावनेत घरचेच एकटे पडतात, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. त्या दिवसानंतर ताईंनी लोकांचा विषय फारसा काढला नाही.

मग तयारी. त्या संध्याकाळी आबांपाशी एक माणूस पक्का. रस्त्यापासून लांबची खोली, खिडक्या-पडदे बंद, दिवे चालू म्हणजे बाहेरचे लखलखाट जाणवत नाहीत, टीव्हीवर त्यांची भजनं. "काही कोसळलं नाही" असा वाद घालायचा नाही. हात धरून "मी आहे ना" एवढंच. श्रवणयंत्र असेल तर त्या वेळेपुरतं काढून ठेवायचं.

मोतीला उजेड असतानाच फिरवून आणायचं, गळपट्ट्यावर फोन नंबर लिहायचा, कारण घाबरून पळालेलं कुत्रं घर चुकतं. तो लपला तर ओढून काढायचं नाही. जवळ आला तर खुशाल कुरवाळा. त्याने भीती लाडावते हा गैरसमज आहे. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीच नाही, जनावरांच्या डॉक्टरांना आधीच भेटा. भीती कमी करायची तर फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी बारीक आवाजात, खाऊसोबत, कित्येक आठवडे आधीपासून ऐकवावं लागतं. धनत्रयोदशीला सुरू करून उपयोग नाही.

सोसायटीकडे ताईंनी या वेळी बंदी मागितली नाही, वेळ आणि जागा मागितली. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिवाळीच्या रात्रीसाठी ८ ते १० ही वेळ घालून दिली होती आणि माळांवर बंदी आणली होती. मोठ्या आवाजाचे फटाके रात्री १० ते सकाळी ६ वाजवायचेच नाहीत, हा नियम तर त्याआधीपासूनचा. ताईंनी हे कागदावर नेलं, पण आवाज न चढवता. फटाके मागच्या मैदानात ठरले. वर्षभर ज्याच्याशी अबोला होता तोच मुलगा ग्रुपवर लिहायला लागला, "काकू, दहा मिनिटांत सुरू करतोय." आवाज तेवढाच असतो, पण तो येणार हे माहीत असलं की सांभाळणाऱ्याचे हात तयार असतात.

नरक चतुर्दशीला पहाटे पाचला, पहिल्या आंघोळीनंतर, समोरच्या बंगल्यातून व्हायचं ते झालंच. ताईंनी ११२ ला फोन केला आणि आबांजवळ जाऊन बसल्या. खाली उतरल्या नाहीत.

परवा त्यांनी विचारलं, "तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतील, त्याचं काय?" म्हटलं, जवळच्या मंगल कार्यालयाच्या मॅनेजरकडून तारखा आणि वरातीची वेळ घेऊन ठेवा. बहुतेक जण सांगतात.