सोनी ए७ मार्क ३ कॅमेरा विकून मार्क ४ घ्यावा का?

फक्त फोटोच काढत असाल तर नको, व्हिडिओ नियमित करत असाल तर नक्की घ्या. दोन्ही बॉडी मी कामासाठी वापरल्या आहेत. २४ वरून ३३ मेगापिक्सेल ऐकायला मोठं वाटतं, पण फोटोची रुंदी जेमतेम १७ टक्क्यांनी वाढते. कमी उजेडातला नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) जवळपास तसाच. त्यापेक्षा चांगली लेन्स घ्या, फरक लगेच दिसेल. व्हिडिओचं मात्र वेगळं आहे. मार्क ३ मध्ये ८-बिट, मार्क ४ मध्ये १०-बिट रेकॉर्डिंग, म्हणजे रंगांच्या कितीतरी जास्त छटा, त्यामुळे कलर ग्रेडिंग (नंतर व्हिडिओचे रंग बदलणं) करताना आकाशात पट्टे सहसा पडत नाहीत. शिवाय स्क्रीन बाजूला उघडून पुढे वळवता येतो. फक्त ४के व्हिडिओ सेकंदाला ६० फ्रेम्सने घेताना चित्र क्रॉप होतं, म्हणजे कडा कापल्या जातात, तेव्हा वाइड लेन्स जवळ हवी.