घोडा आत्ताच घेऊ नका

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी दहावीत आहे, पुण्यातल्या क्लबात चार वर्षं घोडेस्वारी शिकते आहे, आणि आता तिला क्रॉस-कंट्रीत, म्हणजे मोकळ्या रानात वेगाने ओंडके, खंदक, पाणी पार करण्याच्या शर्यतीत उतरायचं आहे. रेसमधून काढलेला एक तरुण थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा घोडा) कमी किमतीत मिळतोय. तो घ्यावा का आणि या खेळावर पुढे पोट भरेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

घोडा घेऊ नका. रेसचा घोडा वाईट असतो म्हणून नव्हे. या खेळातले कितीतरी चांगले घोडे रेसकोर्सवरूनच आलेले असतात. पण त्याला आजवर सरळ पुढे पळायला शिकवलंय. वळणं, वेग आवरणं, मागच्या पायांवर भार घेऊन स्वतःला सावरणं हे सगळं नव्याने शिकवावं लागतं, आणि ते काम मुरलेल्या स्वाराचं. नवा स्वार आणि कच्चा घोडा एकत्र आले की दोघं एकमेकांची भीती वाढवतात.

इथे ती भीती महागात पडते. शो जंपिंगमध्ये, म्हणजे मैदानातल्या दांड्यांवरून उड्या मारताना, पाय लागला तर दांडी खाली पडते. क्रॉस-कंट्रीतले ओंडके बहुतेक पक्के रोवलेले असतात. तिथे चूक झाली तर घोडाच कोसळतो, कधी स्वारावरही. एक-स्टार, म्हणजे आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या सर्वांत खालच्या पायरीवर, अडथळे १.०५ मीटरपर्यंत असतात, वेग मिनिटाला ५०० मीटर. उंचीपेक्षा अवघड असतं ते त्या वेगात घोडा हातात ठेवणं.

पाण्याचंच बघा. घोड्याला पाण्याची खोली बाहेरून कळत नाही. म्हणून सुरुवातीला जाणत्या घोड्याच्या मागून, चालत, उथळ पाण्यात न्यायचं. थांबून हुंगू लागला तर हुंगू द्यायचं. चाबकाच्या धाकाने ढकललेला घोडा पुढच्या वेळी लांबूनच अडतो. मग दुडकी, मग पाण्यात उतरणारी छोटी पायरी. उडी उतरताना टाचा खाली, धड मागे, आणि लगाम बोटांतून सैल सरकू द्यायचा, नाहीतर घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो. तुमच्या लेकीने हे सगळं पाणी ओळखणाऱ्या घोड्यावरच शिकावं.

पोटाचं स्पष्ट सांगते. बक्षिसांवर घर चालत नाही. भारताचा स्वार फवाद मिर्झा याच खेळात टोकियो ऑलिंपिकमध्ये २३वा आला. आपल्याकडून त्याआधी २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये इम्तियाझ अनीस उतरले होते, त्यानंतर थेट फवादच. त्यासाठी तो जर्मनीत राहून तिथली नामवंत स्वार सँड्रा औफार्टच्या हाताखाली शिकला. खर्चाचा अंदाज यावरून बांधा.

घोड्यांसोबतचं आयुष्य मात्र इतर वाटांनीही मिळतं. अकरावीला विज्ञान घेणार असेल तर जीवशास्त्र सोडू देऊ नका: ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी साडेपाच वर्षांची पदवी घेता येते, आणि घोड्यांच्या डॉक्टरला रेसकोर्स, स्टड फार्म (घोड्यांची पैदास होते ती ठिकाणं), सैन्य असे मार्ग असतात. सैन्याचे अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) २०२२पासून मुलींनाही प्रवेश आहे, आणि तिथे घोडेस्वारी प्रशिक्षणाचाच भाग आहे. प्रशिक्षक होणं हीसुद्धा मानाची वाट, फक्त सुरुवातीची वर्षं तुटपुंजी जातात.

रविवारी क्लबात गेलात की तिच्या प्रशिक्षकांना विचारा, ओंडके-खंदक पचवलेला एखादा शांत, पोक्त घोडा तिला आठवड्यातून दोनदा मिळेल का. पडल्यावर छाती-पाठ वाचवणारं जाकीट नसेल तर ते आधी घ्या. आणि खरारा ती स्वतः करते, की मोतद्दाराने तयार ठेवलेल्या घोड्यावर नुसती बसते, हेही बघा. परीक्षेनंतरच्या सुट्टीत महिनाभर तिला पहाटे तबेल्यात पाठवा, लीद उपसण्यापासून सगळं करू द्या. त्यानंतर ती काय म्हणते ते मला कळवा, मग पुढचं बोलू.