आधी त्याचे हात थांबवा

"मॅडम, बाकी सगळं नंतर बघू. आधी त्याचं हे हात फडफडवणं थांबवा." खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आई म्हणाली. मुलगा साडेपाच वर्षांचा, ऑटिझमचं निदान होऊन सहा महिने झालेले. तो चवड्यांवर चालत थेट खिडकीशी गेला. वाऱ्याने पडदा फुगला आणि त्याचे दोन्ही हात झपझप हलायला लागले. आईने सवयीने ते धरून खाली दाबले. "हात खाली!"

त्याच्या मनगटावर दातांचे वण दिसत होते. विचारलं, तर गेले दोन महिने स्वतःलाच चावतो म्हणाली. आणि हात दाबायला कधीपासून सुरुवात केली? ती जरा थांबली. "साधारण... तेव्हापासूनच."

तिला दोष देण्याचा मला अधिकार नाही. या कामात नवी असताना "हात खाली" मीही म्हणत असे, आणि मूल हात मांडीवर ठेवून बसलं की प्रगती झाली असं लिहीत असे. ते मूल तेव्हा आतल्या आत काय सोसत होतं, हे त्या नोंदींत कुठेच नाही.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझम असलेल्या ११ मुलांचं वर्णन लिहिलं, त्यातही अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या हालचाली आहेत. म्हणजे हे लाडाने लागलेलं वळण नाही. तोल आणि वेग सांगणारी यंत्रणा आपल्या कानाच्या आतल्या भागात असते. हातपाय कुठे आहेत हे स्नायू आणि सांधे कळवतात. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना हे निरोप फार पुसट किंवा फार तीव्र मिळतात. डोलणं, गिरक्या घेणं, हात हलवणं यातून काही मुलं कमी पडलेलं भरून काढतात, काही जास्त झालेलं सोसण्याजोगं करतात. कधी नुसता आनंदही असतो.

यातलं काय चाललंय ते बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आईला एक वही करायला सांगितली: हात हलण्याआधी काय घडलं, हात कसे दिसत होते, नंतर काय झालं. दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा तिलाच नवल वाटलं. हलणं एक नव्हतं, दोन होती. वॉशिंग मशीन फिरताना हात सैल, चेहरा उजळलेला. शाळेची घंटा व्हायच्या सुमारास मात्र बोटं ताठ, हात कानांजवळ, श्वास भराभर. चावणं जवळजवळ सगळं या दुसऱ्या प्रकारानंतरचं.

पहिल्याला हात लावायचा नाही, असं ठरलं. दुसऱ्यासाठी घंटेआधी कानांवर हेडफोन, शिक्षिकेकडून आधी सूचना, आणि वर्गातल्या खुर्च्या ढकलून रांगेत लावायचं काम. जोर लावायला लागणारी कामं बऱ्याच मुलांना शांत करतात, त्याला केलं. चावण्यासाठी ऑक्युपेशनल थेरपिस्टनी (रोजच्या कामांसाठी मुलांना तयार करणाऱ्या तज्ज्ञांनी) रबराची सुरक्षित वस्तू दिली. दोन-अडीच महिन्यांत मनगटावरचे वण फिके झाले. हात अजून हलतात.

चवड्यांवर चालण्याकडे मात्र मी "असू दे" म्हणून बघत नाही. सतत तसं चालल्याने पोटऱ्या आखडू शकतात आणि मग टाच टेकवणंच अवघड होतं. याच्या डाव्या पायात ती सुरुवात झालेली होती. फिजिओथेरपिस्टकडे ताण देण्याचे व्यायाम चालू आहेत, रोज रडारडीसकट.

ऑटिझमसोबत अपस्माराचं, म्हणजे फिट येण्याचं, प्रमाणही जास्त असतं. म्हणून हालचाल चालू असताना मुलाला हाक मारून, हलकेच स्पर्श करून पाहायला सांगते. सवयीची हालचाल बहुधा क्षणभर तरी थांबते. नजर शून्यात लागली, मूल कशालाच दाद देत नसेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. डोकं आपटणं अचानक सुरू झालं तर आधी कान, दात, पोट तपासून घ्या. न बोलणारं मूल दुखणं असंही सांगतं. आणि येत असलेलं काही, बोलणं असो की हाताने खाणं, जाऊ लागलं तर डॉक्टरांकडे जायला थांबू नका.

परवा आईबाबा दोघं आले होते. लिफ्टमध्ये लोक वळून बघतात तेव्हा आपल्याला अजून लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून स्वतःचाच राग येतो, असं बाबा खाली बघत म्हणाले. पुढचं सत्र त्यांच्या एकट्यासाठी ठेवलं आहे.