रजिस्टरात नुसतं ‘ताप’ लिहिलंय, मग पणजोबा मानमोडीने गेले की नाही?

प्रश्न : आमचं जुनं घर साताऱ्यात मंगळवार पेठेत. आजी सांगायची की तिचे सासरे मानमोडीच्या साथीत गेले, दसऱ्याच्या आसपास. आता दाखल्यासाठी जुन्या नोंदी काढल्या तर मृत्यूच्या नोंदीत ऑक्टोबर १९१८, वय २८, कारण ‘ताप’. आणि त्याच वर्षी जन्माच्या नोंदीत वडलांचं नाव आमच्या पणजोबांचं, पुढे फक्त ‘मुलगी’, नावच नाही. आजीचं खरं मानायचं की कागदाचं? – एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही खरं आहे, आजीला अजिबात खोटं पाडू नका. त्या काळी बहुतेक माणसं घरीच जायची, डॉक्टरचा दाखला वगैरे क्वचित, घरचे जे सांगतील ते कारकून लिहायचा आणि त्याच्याकडे कारणांचे रकाने मोजकेच, पटकी, देवी, प्लेग, हगवण असे, बाकी हिवताप म्हणा, विषमज्वर म्हणा, कितीतरी क्षयाचे पेशंटसुद्धा, सगळे ‘ताप’मध्ये. मानमोडी म्हणजे इन्फ्लुएंझा, तोही तिथेच गेला. त्यामुळे एकट्या नोंदीवरून काही कळत नाही, अख्खा महिना वाचायला लागतो. सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१८ ची पानं काढा आणि शेजारी १९१७ ची तीच पानं ठेवा, नोंदी एकदम वाढलेल्या दिसतील आणि वयं बघा, एरवी मरणात लहान मुलं आणि म्हातारी जास्त असतात, या साथीने वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसं नेली. तुमचे पणजोबा २८ चे. त्यात त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला, पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा कमी भरली ती मुख्यतः यामुळेच.

नोंदी मोडी लिपीत असतील तर जाणकाराकडून वाचून घ्या, अंदाज करू नका. आजोळ सांगली-मिरजेकडचं असेल तर ती तेव्हा संस्थानं होती, त्यांचं दफ्तर वेगळं, तासगाव-वाळवा मात्र तेव्हा सातारा जिल्ह्यात होते.

आता ती मुलगी. बारशाच्या आधीच जन्म नोंदवला की नाव कुठून येणार, म्हणून नुसतं ‘मुलगी’ लिहायचे, हे सगळीकडे दिसतं. पण ती पुढे जगली का हे तुम्हाला शोधायचं असेल तर जन्माच्या तारखेपासून पुढची मृत्यूची पानं बघा, तिथेही ‘मुलगी, वय अमुक दिवस’ एवढंच असेल, फक्त बापाच्या नावावरून ओळखायचं.